वाचक विचारतात : भूत हसवणारं हवं, पण भूतच हवं

बालसाहित्य लिहिणाऱ्यांकडून गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा सगळ्या बाजूंनी पत्रं आली आणि त्यांत बरीच पत्रं एकाच इच्छेची निघाली: मुलांना घाबरवत हसवायचं आहे, आणि जमलं तर त्यावर लेखक म्हणून उभं राहायचं आहे. त्यांतल्या काही पत्रांची ही उत्तरं.

चौथी-पाचवीच्या मुलांना मी भुताच्या गोष्टी तोंडी सांगते तेव्हा वर्ग डोक्यावर घेतात. त्याच गोष्टी लिहून काढल्या की मिळमिळीत होतात. काय चुकतं?
– एक शिक्षिका, खानापूर तालुका

तोंडी गोष्टीतलं निम्मं काम तुमचा आवाज, मधेच थांबणं आणि मुलांचे चेहरे करत असतात. कागदावर यातलं काहीच नसतं, म्हणून ते शब्दांत घालावं लागतं.

आधी विशेषणं काढा. भयंकर, भीषण, अक्राळविक्राळ हे शब्द मूल वाचतं आणि पुढे जातं, त्यांनी कुणी घाबरत नाही. त्यांच्या जागी डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल अशी एकच नेमकी गोष्ट ठेवा. घरात माणसं सहा, पडवीत चपलांचे जोड सात, आणि सातवा ओला. एवढं पुरतं. आवाजांच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे: खुडबुड, खसफस, कुरकुर, सळसळ, धप्प. पण एका प्रसंगात एकच आवाज वापरा आणि तोच परत आणा. चार आवाज एकदम आले की भीती जाते आणि नुसता गोंगाट उरतो. भीतीच्या जागेआधीची वाक्यं चार-पाच शब्दांची करा. तुम्ही सांगताना जिथे थांबता तिथे परिच्छेद तोडा.

आता हसू. विनोदी भुताला नियम हवा. नियम नसलेलं भूत काहीही करू शकतं, मग मुलाला डोकं चालवायला जागाच राहत नाही. एक उदाहरण घेऊ. कौलारू शाळेच्या माळ्यावर राहणारं भूत कधीकाळी तिथलाच विद्यार्थी होतं, त्यामुळे विचारल्याशिवाय त्याला वर्गात पाऊल टाकता येत नाही. जुलैची संध्याकाळ, दिवे गेलेले, बाई बाहेर गेलेल्या. दाराबाहेरून बारीक आवाज येतो, "आत येऊ का, बाई?" कुणी बोलत नाही. पुन्हा तेच, जरा जवळून. तिसऱ्यांदा आवाज येतो तेव्हा पहिल्या बाकावरची सगळ्यांत लहान मुलगी विचारते, "गृहपाठ आणलास?" बाहेर शांतता. मग ओल्या पावलांचा आवाज लांब लांब जातो.

यात क्रम महत्त्वाचा आहे. विचारल्याशिवाय वर्गात यायचं नाही हा नियम सुरुवातीलाच, भुताचं नावही न घेता, साध्या प्रसंगात येऊन गेला पाहिजे. तो दोनदा भीती वाढवतो आणि तिसऱ्यांदा मूल तो उलटवतं. हसू शेवटी येतं. भीती चढत असताना मधे विनोद टाकला की दोन्ही वाया जातात, आणि नव्या लेखकांकडून सर्वांत जास्त हेच होतं. साधारण हजार शब्दांच्या गोष्टीत दोन लहान दचके आणि एक मोठा पुरे. मोठा दचका गोष्टीच्या पाऊण वाटेवर असावा, म्हणजे हसून झाल्यावर घरी पोहोचायला जागा राहते.

तीन शेवट टाळा. "आणि बंड्याला जाग आली" हा शेवट मुलांना फसवणूक वाटतो, कारण ती ज्याला घाबरली ते घडलंच नव्हतं. मोठ्या माणसाने टॉर्च घेऊन येऊन सगळं सोडवलं, तर मुलाच्या हातून काहीच झालं नाही. आणि भूत म्हणजे बांधलेली शेळी निघाली, तर ती शेळी भुतापेक्षा जास्त मजेची असली पाहिजे. नुसता खुलासा कुणाला नको असतो.

गोष्ट झाली की स्वतः वाचू नका. दुसऱ्या शिक्षिकेला द्या आणि अभिनय न करता सरळ वाचायला सांगा. तुम्ही मागे पेन्सिल घेऊन बसा. मुलं कुठे चुळबुळ करतात, कुठे एकमेकांकडे बघतात, कुठे तुमच्या अपेक्षेआधीच हसतात, त्या ओळींपुढे खुणा करा. आमच्या मते या प्रकारच्या लेखनाची हीच खरी परीक्षा आहे: दुसऱ्याच्या तोंडून, साध्या आवाजात, वर्गासमोर ती गोष्ट उभी राहते का. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा याच्याशीच जुळतो.

कोणती भुतं घ्यावीत? आमच्याकडे मुंजा, हडळ, खवीस, आसरा सगळ्यांच्या कथा आहेत. पालकांची तक्रार येईल का, हीही भीती आहे.
– एक वाचक, निपाणी

लोककथेतलं प्रत्येक भूत कुणाच्या तरी मरणातून आलेलं आहे, हे आधी ध्यानात घ्या. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ किंवा जखीण म्हणजे बहुधा बाळंतपणात किंवा छळात गेलेली बाई. तुमच्या वर्गात आई नसलेलं मूल बसलेलं असू शकतं, आणि हडळीच्या उलट्या पावलांवर सगळे हसत असताना ते हसणार नाही. आठ वर्षांच्या आतल्या वाचकांसाठी या भुतांना हात न लावणं बरं. मोठ्या मुलांसाठी घेतलीत तर भुताला स्वतःचं म्हणणं असू द्या आणि हशा त्याच्या मरणावर नको.

लहानांसाठी आम्ही चकव्याच्या बाजूचे आहोत. त्याला रूप नाही, जात नाही, बाई-पुरुष नाही. तो फक्त वाट चुकवतो. खानापूरच्या रानाशेजारच्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही, आणि वाट चुकवणाऱ्याला चुकवणं हा खेळ हसण्याला फार सोयीचा आहे. जागाही जवळच आहेत: बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, येळ्ळूरचा राजहंसगड, नावातच राकस असलेलं राकसकोप. भीमगड अभयारण्याच्या भागात बारापेडेच्या गुहा आहेत. तिथलं 'रॉटन्स फ्री-टेल्ड' जातीचं वटवाघूळ बराच काळ जगात फक्त तिथेच आहे असं मानलं जायचं. वटवाघूळ घेतलंत तर एक पथ्य पाळा. रक्त पिणारी वटवाघळं फक्त अमेरिका खंडात, मेक्सिकोपासून दक्षिणेकडे सापडतात. आपल्याकडची कीटक, फळं, मध, काही बेडकांसारखे छोटे प्राणी खातात. गोष्ट खोटी असली तरी तिच्यातलं रान खरं असू द्या.

करणी, भानामती, अंगात येणं हे मात्र विनोदासाठीसुद्धा जपून. चेटकीण म्हणून खऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे. कर्नाटकात 2017 चा आणि महाराष्ट्रात 2013 चा कायदा अघोरी प्रथांविरुद्ध आहे. भुताची गोष्ट लिहायला हे कायदे आड येत नाहीत. प्रश्न मुलाच्या मनात काय उरतं याचा आहे. मांत्रिकाच्या उपायाने आजार बरा झाला किंवा साप चावल्यावर मंत्राने विष उतरलं, असं कधीही लिहू नका. साप चावल्यावर मंत्रात गेलेला वेळ जीव घेतो.

पालकांच्या तक्रारी बहुधा दोन कारणांनी येतात: पुस्तक चुकीच्या वयाच्या हातात पडलं, किंवा शेवटी मूल अंधारातच राहिलं. मलपृष्ठावर वय छापा. शेवटचं पान उजेडातलं, माणसांतलं ठेवा. आई-वडील मरण्याचा किंवा मूल घरी परत न येण्याचा प्रसंग दहा वर्षांच्या आत टाळा.

पात्रांनी बेळगावी बोली बोलावी का? मधे कानडी शब्द आले तर पुण्याचे प्रकाशक काय म्हणतील?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, ही विभागणी बहुतेक संपादकांना चालते. "काय करूलालास?" हे कुडाळच्या किंवा नागपूरच्या मुलाला प्रसंगावरून कळतं. फक्त सुरुवातीच्या दोन पानांत बोली हलकी ठेवा आणि कान तयार झाल्यावर वाढवा. कानडीचंही तसंच. बागुलबुवाला कानडी घरात गुम्मा म्हणतात. असा शब्द एका पात्राच्या तोंडी दोन-तीनदा आला की तळटीप लागत नाही. वाक्याच्या मधे थांबवून अर्थ सांगितला तर भीती तिथेच संपते.

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. कुठल्याही भाषेचं माणूस केवळ त्या भाषेमुळे वेडं किंवा दुष्ट दाखवू नका. आपल्या मुलांना दोन्ही भाषा शिकायच्या आहेत आणि दोन्ही भाषांच्या शेजाऱ्यांत वाढायचं आहे. भुताला एकच भाषा येते आणि मुलाला दोन येतात, म्हणून मूल सुटतं, हा विनोद कुणालाही न दुखवता चालतो.

किती शब्द, किती पानं? 16 पानांचं चित्रपुस्तक आणि मोठ्या मुलांचं पुस्तक यांत नेमका फरक काय?
– एक वाचक, चिकोडी

तीन ते सहा वयाला 200 ते 500 शब्द, सहा ते आठला 800 ते 1500, आठ ते अकराला 6,000 ते 12,000 शब्द. शेवटच्या गटात 800 ते 1,000 शब्दांची प्रकरणं करा. मोठ्याने सावकाश वाचताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे एक प्रकरण दहा मिनिटांचं, तासाच्या शेवटी वाचून होणारं.

पानं मनाला येतील तितकी घेता येत नाहीत. मधे टाचण्या मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत लागतात, आणि छपाईला आठ-सोळाचा हिशेब स्वस्त पडतो. 16 पानांत पहिलं शीर्षकाचं आणि दुसरं प्रकाशन-माहितीचं धरलं तर गोष्टीला 14 उरतात. ती 3 पासून सुरू होते. विषम पान नेहमी उजवीकडे येतं, म्हणून "दार कुणी उघडलं?" हा प्रश्न 5, 7, 9 अशा पानाच्या शेवटी हवा, आणि भूत पान उलटल्यावर 6, 8, 10 वर. भूत त्याच उघड्या जोडपानावर असेल तर मूल आधी चित्र बघतं आणि दचका संपतो. सोळा कोरे तुकडे टाचून नमुना-पुस्तक करा, त्यावर मजकूर चिकटवा आणि मगच शब्द कापा. चित्रात जे दिसणार आहे ते वाक्यात पुन्हा सांगू नका.

हस्तलिखित युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टात बदलताना "कावऱ्याबावऱ्या"सारखे शब्द आणि ॲ हमखास मोडतात. शेवटच्या छाप-प्रतीवर ऱ्य, ॲ आणि जोडाक्षरं वेगळी शोधून तपासा.

स्वतः छापायचं आहे. रात्रीची पानं पूर्ण काळी हवीत, पांढरी अक्षरं हवीत. प्रेसवाले नाही म्हणतात.
– एक चित्रकार, बेळगाव

त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण उपाय आहेत. छपाईचे चारही रंग भरून केलेला काळा पानावर शाईचा थर वाढवतो. ती लवकर सुकत नाही, समोरच्या पानाला लागते, आणि घडीवर पांढऱ्या भेगा पडतात. काळा 100 टक्के आणि खाली निळा 40 टक्के एवढाच ठेवा, खोल काळा मिळतो. पांढरी अक्षरं काळ्यात सोडली की छपाईची प्लेट केसभर सरकली तरी अनुस्वार आणि रफार बुजतात, म्हणून त्या पानांवर 18 पॉइंट किंवा त्याहून मोठं, ठळक अक्षर घ्या. सगळी पानं काळी करू नका. तीन काळी पानं बाकीच्या उजेडात जास्त भीतीची वाटतात.

आत 130 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅट आर्ट पेपर, मुखपृष्ठ 250 ते 300. काळ्या-पांढऱ्या चित्रांच्या प्रकरण-पुस्तकाला 70-80 चा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, पुरतो. चारही बाजूंना चित्र 3 मिलिमीटर बाहेर वाढवा, नाहीतर कापताना पांढरी कड राहते. दोन-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल, त्यापुढे ऑफसेट, कारण ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजारांना तेवढाच. बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडून 300, 500, 1000 प्रतींचे दर लेखी मागवा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्जावर विनामूल्य मिळतो. तो विकत घ्यावा लागत नाही. छापील आणि ई-पुस्तकाला वेगळा क्रमांक लागतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने 30 दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. स्वतः छापता तेव्हा प्रकाशक तुम्हीच असता.

नोकरी सोडून फक्त मुलांसाठी लिहिता येईल का? एका प्रकाशकाने 300 प्रती विकत घ्यायची अट घातली आहे.
– एक वाचक, बेळगाव

सध्या नोकरी सोडू नका. हिशेब उघड आहे. मराठी बालपुस्तकाची पहिली आवृत्ती बहुधा 500 ते 1000 प्रतींची. रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, साधारण साडेसात ते दहा टक्के. पुस्तक 100 रुपयांचं, दहा टक्के, हजार प्रती, म्हणजे सगळ्या विकल्यावर 10,000 रुपये. चित्रकाराबरोबर निम्मी वाटणी झाली तर 5,000, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. टक्का छापील किमतीवर आहे की निव्वळ विक्रीवर, हे विचारा. विक्रेत्याला 40 टक्के सूट गेली तर निव्वळावरचे दहा टक्के म्हणजे प्रतीमागे सहाच रुपये.

300 प्रतींच्या अटीचंही तसंच गणित मांडा. सवलतीत 60 रुपयांनी घेतल्या तरी 18,000 रुपये तुमचे गेले. त्यात पुस्तक छापून होत असेल तर जोखीम तुमची आहे आणि हक्क मात्र त्यांचे. असा करार करण्यापेक्षा थांबलेलं चांगलं.

कराराचं बोलायचं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 एकदा शांतपणे वाचा. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो परत येतो. "सर्व भाषांतील सर्व हक्क कायमचे" ही ओळ खोडायला सांगा. मराठी छापील पुस्तकाचा हक्क द्या, मुदत आणि प्रतींची संख्या लिहून घ्या. कानडी अनुवाद, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक, नाटक हे आपल्याकडे ठेवा. सीमाभागातल्या लेखकाला कानडी हक्क विशेष मोलाचा, कारण अनुवादक आणि वाचक दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत.

वाट अशी धरा. पहिली दोन-तीन वर्षं मासिकांत लिहा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं, शिवाय 'वयम्', 'छात्र प्रबोधन', लहानांसाठी 'चिकूपिकू' आहेत. प्रत्येकाचे चार-पाच अंक वाचून मगच गोष्ट पाठवा. दिवाळी अंकाचं लेखन जूनअखेर गेलेलं बरं. एक गोष्ट एका वेळी एकीकडेच पाठवा आणि सोबतच्या पत्रात "पुस्तकरूपाचे हक्क लेखकाकडे" ही ओळ लिहा. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर गोष्ट टाकणं वाचक मिळवायला उत्तम आहे, पण तिथला परवाना मुक्त असतो. श्रेय देऊन कुणीही ती छापू शकतो, विकू शकतो, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. प्रकाशकासाठी राखलेली गोष्ट तिथे नको.

आठ-दहा गोष्टींत तेच गाव, तीच तीन-चार मुलं ठेवा आणि भूत दर वेळी नवं आणा. एक आवडलं की वर्ग दुसरं मागतो, म्हणून प्रकाशक मालिकेला तयार होतात. वही ठेवा: कुणाचा दात पडलेला आहे, विहीर घराच्या कोणत्या बाजूला, कुणाची आजी कुठल्या गावची. मुलं ही चूक लगेच पकडतात. कानडी-मराठी अनुवाद, शाळांतल्या कार्यशाळा, मासिकांचं मानधन यांची जोड मिळून पाच-सात वर्षांत लेखनाचं उत्पन्न नोकरीच्या बाजूला उभं राहू शकतं.

सीमाभागातल्या लेखकाला मराठीचे पुरस्कार मिळू शकतात का?
– एक वाचक, खानापूर

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार भाषेप्रमाणे दिला जातो, राज्याप्रमाणे नाही. 2010 पासून तो सुरू आहे, रक्कम 50,000 रुपये. कर्नाटकात राहून मराठीत लिहिणाऱ्याला अडचण नाही. इतर पुरस्कारांच्या जाहिरातीत रहिवासाची अट आधी बघा, मग प्रती पाठवा. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथल्या गावच्या संमेलनांत मुलांसाठी वाचनाचं एक सत्र मागून घ्या.

पहिलं पुस्तक आलं आहे. शाळांत वाचन करायचं आहे, कसं सुरू करू?
– एक लेखिका, बेळगाव तालुका

मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीला (शाळेच्या विकास व देखरेख समितीला) पत्र द्या, सोबत पुस्तकाची एक प्रत, म्हणजे ते आधी वाचतील. एका वेळी चाळीसपेक्षा जास्त मुलं नकोत. चाळीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं ओळख, बारा मिनिटं वाचन, पंधरा मिनिटं मुलांनी एक भूत आणि त्याचा एक नियम तयार करायचा, उरलेला वेळ प्रश्नांना. तासात विक्री करू नका. दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयाला द्या, पालक नंतर विचारतात.

जून ते ऑगस्ट टाळा. कौलांवर आणि पत्र्यांवर पाऊस असतो तेव्हा मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचत नाही, आणि हलक्या आवाजात म्हणायच्या ओळी ओरडून म्हणाव्या लागतात. दसऱ्याच्या सुट्टीनंतर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. शेवटचा तास घेऊ नका. खानापूरकडची कित्येक मुलं रानातल्या वाटेने चालत घरी जातात, त्यांच्या आणि गोष्टीच्या मधे निदान एक गणिताचा तास आणि एक खेळाचा तास असू द्या.